फवारणीच्या डब्यावरचं इंग्रजी



इंग्रजीवर बोलायचं, ते मराठीतून, आणि तेही बोरी बुद्रुक गावच्या व्याख्यानमालेत. संयोजकांना मी विषय कळवला तेव्हा फोनवर क्षणभर कुणी काही बोललंच नाही. मग म्हणाले, "सर, महाराजांवर घ्या ना काहीतरी." शिवनेरीच्या तालुक्यात त्या विषयाला वक्ते कमी पडत नाहीत, म्हणून मी माझ्या विषयाला चिकटून राहिलो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते ते शिक्षक होते, मीही शिक्षक. नोकरीभर इंग्रजीचे तास घेतले. त्यामुळे आज मास्तर मंडळींवर जी टीका होईल ती घरातली समजावी.

या गावाला इंग्रजी येत नाही, हे मला मुळातच मान्य नाही. सकाळी द्राक्षबागेत गेलेला माणूस काय बोलतो ते कान देऊन ऐका. ड्रिपचा फिल्टर धुतला का? लॅटरल चोकअप झालीय, व्हॉल्व्ह बंद कर. डाऊनी दिसतोय, स्प्रे घ्यावा लागेल, ब्लोअर कुणाचा मोकळा आहे? थिनिंगला बायका किती आल्या? जीएचं डिपिंग उरकलं का? ब्रिक्स किती भरला? पिंक बेरी निघाली तर एक्स्पोर्टवाला माल रिजेक्ट करणार. टोमॅटोवाल्याची भाषा आणखी वेगळी: मल्चिंग, क्रेट, व्हरायटी, व्हायरस. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात तासभर उभं राहिलं तर कुठल्याही स्पोकन इंग्लिशच्या क्लासात आठवड्यात कानावर पडणार नाहीत एवढे इंग्रजी शब्द पडतात. आणि हे शब्द कुणी पाठ केलेले नाहीत. वही नाही, परीक्षा नाही, छडी नाही. गरज पडली आणि शब्द आला.

गरज कशी पडते याचं एक उदाहरण बागायतदार मंडळी विसरली नसतील. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत एका संजीवकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर तिकडे अडकून पडले. आपण ज्याला सरळ लिहोसिन म्हणत होतो त्याचं खरं नाव क्लोरमेक्वाट क्लोराइड आहे, हे तेव्हा द्राक्षपट्ट्यातल्या घराघरात कळलं. ज्यांना दहावीच्या पेपरात 'ब्यूटिफुल'चं स्पेलिंग जमलं नव्हतं त्यांनी हे जोडनाव एका हंगामात तोंडपाठ केलं. रेसिड्यू, एमआरएल, पीपीएम हे शब्द पारावर आले. शब्दसंग्रह वाढवण्याचे नाना उपाय मी शिक्षक म्हणून करून पाहिले. अडकून पडलेल्या कंटेनरइतका गुणकारी उपाय मला सापडला नाही. अर्थात तो कुणावर येऊ नये.

मग अडतं कुठं?

नववीच्या वर्गात एकदा मी धडा बाजूला ठेवला आणि फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा नेला. पुठ्ठाच, डबा नव्हे. डबा वर्गात न्यायची वस्तू नाही. त्यावरचा चौकोन तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. हिऱ्यासारखा तिरपा, मधून दुभागलेला, खालच्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी आणि 'पॉयझन'. पिवळा त्याच्या खालचा, त्यावरही 'पॉयझन', पण कवटी नाही. मग निळा, त्यावर 'डेंजर'. शेवटी हिरवा, त्यावर 'कॉशन'. मुलांना विचारलं, सगळ्यात घातक कोणता? निम्मा वर्ग ओरडला, डेंजर! बरोबरच आहे. आपल्याकडे सिनेमा डेंजर असतो, मास्तर डेंजर असतो, मिसळही डेंजर असते. डब्यावर मात्र डेंजर तिसऱ्या नंबरला आहे, आणि साधा दिसणारा पिवळा पॉयझन त्याच्या वर.

पुढं एक ओळ होती, तीही मी फळ्यावर लिहिली. वेटिंग पीरियड बिटवीन लास्ट ॲप्लिकेशन अँड हार्वेस्ट. पोरं बागायतदारांची. पीरियड म्हणजे तास, वेटिंग म्हणजे एसटीची वाट पाहणं, ॲप्लिकेशन म्हणजे अर्ज, हार्वेस्ट म्हणजे हार्वेस्टर. एका पोरानं उभं राहून आत्मविश्वासानं अर्थ सांगितला: हार्वेस्टरसाठी शेवटचा अर्ज केल्यावर थांबावं लागतं. वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या पोराची गंमत करून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. त्याला त्या ओळीतले चार शब्द चांगले माहीत होते. ओळीचा जीव होता तो 'बिटवीन' आणि 'लास्ट' या दोन शब्दांत. शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत इतके दिवस गेलेच पाहिजेत, हे त्या दोघांवर टेकलेलं. ते दोन शब्द त्यानं ओलांडून टाकले, जणू काही लिहिलेलंच नाही.

हे एका पोराचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे. आपल्याला 'रेसिड्यू' येतो, 'अनटिल' येत नाही. 'सर्टिफिकेट' येतं, 'अनलेस' येत नाही. 'ट्रान्सफॉर्मर' येतो, 'इदर' आणि 'नायदर' यांत गोंधळ. द्राक्षाच्या मांडवाचीच भाषा वापरायची तर आपण अँगल भक्कम रोवलेत, तारा ओढायच्या राहिल्यात. वेल चढणार कशावर?

नुसत्या डब्यापुरतं बोलायचं तर कायद्यानं औषधासोबतचं माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही द्यावं लागतं. म्हणजे मराठी मजकूर असतो. पण तो कागद मुंगीच्या अक्षरात छापलेला असतो, आणि डबा उघडला त्याच दिवशी शेडमध्ये कुठंतरी उडून जातो. हाताशी उरतो तो डबा. तेव्हा कागद जपून ठेवा हे पहिलं, इंग्रजी दुसरं. पण बँकेचा फॉर्म, पंपाची वॉरंटी, मुलीच्या कॉलेजचं ऑफर लेटर, दवाखान्यातला डिस्चार्ज पेपर, या सगळ्यांना सोबत मराठी कागद नसतो. आणि तिथंही जड शब्द अडवत नाहीत. डिस्चार्ज पेपरवर 'टॅब्लेट' वाचता येतं. 'आफ्टर' की 'बिफोर', तिथं माणूस शेजारच्या पोराला हाक मारतो.

हे असं का झालं, तर आपण इंग्रजी ज्या कारणासाठी शिकत आलो ते कारणच निराळं होतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी घोटले. मी त्या पुस्तकांना नावं ठेवणार नाही. मराठीला इंग्रजीशेजारी बसवून, वाक्यामागून वाक्य फिरवून घेणारं तसं शिस्तीचं काम नंतर फारसं झालं नाही. पण त्या काळच्या कचेरीला अर्ज लिहिणारा, टिपण काढणारा, तर्जुमा करणारा माणूस हवा होता. बोलणाऱ्याची कुणालाच निकड नव्हती. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटल्याचं सांगतात. ज्या तालुक्यात उसात बिबट्या बसलेला असतो आणि माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र काढावं लागलं, तिथल्या माणसाला मी हे वाक्य कधी कौतुकानं सांगत नाही. आमचा शेतकरी विचारतो, काढायला कोण जाणार? निबंधमालेच्या वीस वर्षं आधी, १८५४ साली, 'काव्यफुले'मध्ये सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजीला माउली म्हटलं होतं. मला ते जास्त जवळचं वाटतं. माउलीकडं शूरच जावं असं नाही. लेकरू रांगत गेलं तरी चालतं.

शाळेचं म्हणाल तर एक काळ मुंबई राज्यात इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. मग ते पाचवीत आलं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, ते पहिलीत आलं. तेव्हा मोठा वाद झाला होता. मी स्वतः विरोधाच्या बाजूनं होतो आणि आजही निम्मा तिथंच आहे. त्या पहिल्या तुकडीची पोरं आज तिशीत आहेत, इथं बसलेलीही असतील. त्यांना इंग्रजी अक्षराची भीती उरली नाही, ही कमाई खरी. मोबाइलवर ती भराभर वाचतात. पण परक्या माणसाशी चार वाक्यं बोलायची वेळ आली की तीच पोरं पुढच्याला ढकलतात: तू बोल, तू बोल.

इथं एका इंग्रज मास्तराची आठवण काढतो. मायकेल वेस्ट त्याचं नाव. १९२०च्या दशकात तो ढाक्याला होता, शिक्षकांना शिकवणाऱ्या महाविद्यालयात. बंगाली पोरं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात आणि तरी साधं पुस्तक वाचू शकत नाहीत, हे त्याला खुपलं. त्यानं पाहिलं, पाठ्यपुस्तकात पानापानावर असे शब्द येतात की जे पुन्हा जन्मात भेटणार नाहीत. म्हणून त्यानं मोजके, सतत लागणारे शब्द घेऊन वाचनमाला लिहिल्या. नवा शब्द आला की तो पुढच्या पानांत पुन्हापुन्हा भेटेल अशी व्यवस्था केली. पुढं १९५३ साली त्याची जवळपास २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि ती जगभर वापरली गेली. म्हणजे ज्या यादीवरून पुढं कितीतरी देशांतली पाठ्यपुस्तकं बेतली, तिचं मूळ आपल्यासारख्याच पोरांच्या अडचणीत आहे. त्या यादीत रेसिड्यू नाही, मिल्ड्यू नाही. जे आहे ते बहुतेक आपण लहान समजून सोडून दिलेलं.

लहान शब्द अवघड का, हे मुलांना समजावून सांगावं लागतं, नाहीतर ती स्वतःला ढ समजतात. क्रेट दाखवता येतो. 'फॉर' दाखवता येत नाही. शिवाय मराठी हे काम शब्दाच्या शेपटीला करते: टेबलावर, शेतातून, पावसाआधी. इंग्रजीत तेच तुकडे सुटे होऊन पुढं येऊन उभे राहतात. वळण पडलेलं नसतं, म्हणून जीभ अडते. आणि 'पुट ऑन, पुट ऑफ, पुट आउट' यांनी रडकुंडीला आलेल्या मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. खाऊन घे, खाऊन टाक, खाऊन बघ, खाऊन ठेव. चौघांचा अर्थ वेगळा, आणि तुम्हांला कुणी शिकवलेला नाही. मराठी शिकणाऱ्या गोऱ्या मिशनऱ्यांना हेच समजून घेताना घाम फुटला असणार. ज्याची जीभ एवढं अवघड काम झोपेत करते त्यानं 'पुट ऑफ'ला घाबरायचं कारण नाही.

आता रोजच्या बोलण्याकडं येतो, कारण गैरसमज खरे तिथं होतात. फोन वाजला, अनोळखी नंबर, आपण विचारतो, कोण बोलतंय? यात काही वावगं नाही. तेच आपला मुलगा इंग्रजीत विचारतो, हू आर यू? समोर मुंबईच्या एक्स्पोर्ट कंपनीतली बाई असते आणि तिला ऐकू येतं, तू कोण रे? व्याकरणाचा मास्तर त्या वाक्याला पैकीच्या पैकी गुण देईल. बाई फोन ठेवून देईल. 'मे आय नो हूज स्पीकिंग' हे अख्खं वाक्य एका दमात, एक शब्द असल्यासारखं पाठ असायला हवं. त्याची फोड करायची गरज नाही. 'रामराम'ची फोड करून आपण कुठं रामराम घालतो?

निघताना आपण 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं तर आजी रागावते. हे जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर पाहुणा आपली वाट बघत थांबेल. 'पाणी द्या' यातला आदर 'द्या'मध्येच आहे. इंग्रजी 'गिव्ह'मध्ये तशी सोय नाही, ते लहानालाही तेच आणि थोरालाही तेच. म्हणून त्यांनी आदर वाक्याच्या सुरुवातीला 'कुड यू', 'वुड यू' म्हणून बसवला आणि शेवटी 'प्लीज' ठेवलं. आपली माणसं उद्धट नाहीत. पण 'गिव्ह मी वॉटर' ऐकणाऱ्याला तसं वाटतं, आणि कुणी आपल्याला ते सांगतही नाही. उलट 'प्लीज', 'थँक्यू' म्हणणाऱ्या पोराला गावात साहेब म्हणून चिडवतात.

या चिडवण्याबद्दल थोडं कडक बोलतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. सोंगाड्यानं मोडकंतोडकं इंग्रजी फेकावं आणि प्रेक्षकांनी लोटपोट व्हावं, हे आपलं जुनं सुख आहे. तिथं ते शोभतं. तिथं आपण साहेबाला हसतो. वर्गात मात्र आपण शेजारच्या पोरीला हसतो. ती एकदा 'ही गो' म्हणते, वर्ग खदखदतो, आणि ती पुढं कधी तोंड उघडत नाही. माझ्या अनुभवात बोलणाऱ्या मुलांचं इंग्रजी न बोलणाऱ्यांपेक्षा चांगलं असतंच असं नाही. त्यांना हसण्याचं काही वाटत नाही, इतकाच फरक. हायवेवरच्या क्लासवाल्यांनी नेमकं हेच हेरलंय. अमुक दिवसांत फाडफाड इंग्रजी, असे फलक आळेफाट्यापासून लागतात. पूर्वी कपिल देवचा फोटो असलेलं रॅपिडेक्स घरोघरी यायचं. ते निदान स्वस्त होतं. क्लासात पैसे भरून मिळतं काय, तर न हसणारी खोली. ती खोली गावच्या शाळेत फुकट करता येईल.

काय करावं असं विचाराल तर माझ्याकडं फार मोठी योजना नाही. बंगळूरला एन. एस. प्रभू यांनी १९७९ पासून चारपाच वर्षं एक प्रयोग चालवला होता. साध्या शाळांमधली मुलं. प्रभूंनी व्याकरणाचे नियम फळ्यावर मांडले नाहीत. मुलांपुढं रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काही ठेवायचं आणि प्रश्न सोडवायला लावायचं: या गाडीनं निघालो तर तिथं किती वाजता पोचू? मुलं उत्तराच्या मागं लागायची आणि भाषा त्यांच्या मागं यायची. जगभरच्या भाषाशिक्षणात त्या प्रयोगाचा दाखला देतात. आपल्याकडं वेळापत्रक सोडा, डब्याचं लेबल आहे, कंटेनरची पॅकिंग लिस्ट आहे, पंपाची वॉरंटी आहे. आठवीच्या वर्गानं दर शनिवारी गावातला एक खरा कागद घ्यावा आणि त्यातून एका खऱ्या माणसाच्या एका खऱ्या प्रश्नाचं उत्तर काढावं. चुलत्याची मोटर जळाली, वॉरंटीत बसते की नाही? वाचा आणि सांगा. 'अनलेस' तिथं जन्माचा कळतो.

दुसरं, पाठांतराचं. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या दिवसभरातच गळून जातं, मग गळती मंदावते. म्हणून एका रात्रीत पन्नास शब्द घोकण्यात अर्थ नाही. पाच वाक्यं घ्या; उद्या, परवा, आणि आठवड्यानं पुन्हा म्हणा. आईनं म्हणून घ्यावीत. तिला इंग्रजी येत नसलं तरी चालतं, मुलगा अडखळला की नाही हे तिला बरोबर कळतं.

तिसरं, बोलायला माणूस हवा. तो मिळत नाही असं आपण म्हणतो. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि त्यांच्यावर काम करायला देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतात. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथं शाळांची प्रदर्शनं भरतात. आपली पोरं प्रयोग मांडतात आणि कुणी इंग्रजीत विचारलं की सरांकडं बघतात. सरांनी त्या दिवशी चहाला जावं.

आणि खोडदपर्यंत तरी कशाला? तुमच्या गावच्या कुकडीकाठी पांढुरक्या राखेचा थर आहे. १९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो जगापुढं आणला. ही राख इथली नव्हे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असावी आणि सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची असावी, असं एक मत आहे. ती त्याहून कितीतरी जुनी आहे, असं दुसरं. तिच्या संगतीत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली, म्हणून तिच्या वयाला एवढं महत्त्व. भूशास्त्राच्या इंग्रजी निबंधांत 'बोरी टेफ्रा' असं तुमच्या गावाचं नाव छापलेलं आहे, आणि या गावातल्या फार थोड्या माणसांनी तो निबंध उघडलाय.

या राखेचे अभ्यासक पुन्हा येतील. आले की पोरं नेहमीप्रमाणे गाडीभोवती जमतील, सेल्फी काढतील, 'व्हॉट इज युवर नेम' विचारतील. या खेपेला दोन वाक्यं तयार ठेवा. पहिलं, हाऊ ओल्ड इज इट? त्यावर ते एक आकडा सांगतील. मग दुसरं विचारा, हाऊ डू यू नो? चारही शब्द पहिलीच्या पुस्तकातले आहेत. मात्र जवळ वही ठेवा आणि खाली बसून घ्या, कारण या प्रश्नावर त्यांच्यातच अजून वाद चालू आहे, आणि उत्तराला वेळ लागेल.